आत्यासाठी रत्नागिरीजवळचं लहान वृद्धनिवास: काय काय बघून ठरवावं?

ओटीवरची
नमस्कार. आत्याबद्दल लिहितेय. वय ८१, लग्न केलं नाही, राजापूर तालुक्यात शाळेत शिक्षिका होती. पेन्शन आहे. बाबा आणि काका दोघेही गेले, आता आम्ही भाचरं-पुतणे एवढेच तिचे. मी ठाण्यात, भाऊ बंगलोरला. गावच्या घरात ती एकटी असते. सोबतीला येणाऱ्या बाई गणपतीनंतर मुलाकडे पनवेलला कायमच्या चालल्यात. आत्याला मधुमेह आहे (गोळ्या चालू, इन्सुलिन नाही), ऐकू कमी येतं, मागच्या पावसात अंगणात शेवाळावरून घसरली तेव्हापासून वॉकर. डोकं लख्ख. ठाण्याला यायला साफ नकार. "चौथ्या मजल्यावर बसून मी काय कावळे मोजू?" म्हणते.

पावसच्या रस्त्याला एक लहान वृद्धनिवास सापडलंय. १४ जण राहतात. एक नवरा-बायको चालवतात, त्यातल्या बाई स्वतः पूर्वी नर्स होत्या. पुढे कौलारू घर, मागे स्लॅबच्या नव्या खोल्या. आम्ही तिथल्या पंगतीतच जेवलो, जेवण चांगलं होतं. महिना २२ हजार, अनामत १ लाख. मला मोठी इमारत, लिफ्ट, रिसेप्शन असलं काही नकोच होतं. हे अगदी घरगुती आहे. पण सगळं दोन माणसांवर उभं आहे, त्यातलं एक आजारी पडलं तर काय, ही धास्ती जात नाही.

ज्यांनी कोकणात आपलं माणूस असं ठेवलंय त्यांनी सांगा, नेमकं काय बघायचं? लवकरच पुन्हा जाणार आहे.

कातळफूल
आत्यांना विचारलंत का?

ओटीवरची
विचारलं. "आधी मला दाखव, मग सांगते" असं उत्तर आलं. शाळा तपासायला निघाल्यासारखा आवाज होता.

तारकर्ली
रात्री थय कोण आसता ता पयला विचारा. दिवसाक सगळेच बरे दिसतत. माझी आवस होती अशा एका ठिकाणी, रात्री पडली ता सकाळी कळला. रात्री धा वाजता फोन करा, कोण उचलता ता बघा.

सिस्टर_चिपळूण
तारकर्लींनी मुद्द्याचं सांगितलं, त्यालाच जोडून लिहिते. माझं आयुष्य वॉर्डात गेलं, निवृत्तीनंतर अशा एकदोन ठिकाणी मदतीला जाते.

चौदा माणसांमागे रात्री एक तरी माणूस पूर्ण जागं हवं आणि दुसरं हाकेच्या अंतरावर. "आम्ही इथेच झोपतो, हाक मारली की येतो" हे पुरेसं नाही. तुमच्या आत्यांना ऐकू कमी येतं. त्या हाक मारतील, पलीकडून "आले हो" म्हटलेलं त्यांना कळणार नाही, आणि कोणी येत नाही असं वाटून त्या स्वतःच उठतील. रात्री लघवीला उठताना पडलेली किती तरी माणसं मी पाहिलीत. पलंगाशी घंटा आहे का बघा आणि ती तुम्ही स्वतः वाजवा. कोण येतं, किती वेळाने येतं, ते कळेल.

न कळवता जा, तेही दुपारी चारच्या सुमाराला. सकाळी दहाला सगळीकडेच फिनेलचा वास आणि धुतलेल्या चादरी असतात. चार वाजता सगळेच्या सगळे गाढ झोपलेले दिसले तर झोपेच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून देतात ते विचारा. औषधांची वही मागा. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा डबा हवा, दिल्याची वेळ आणि सही हवी. आत्यांच्या बाबतीत आणखी एक: मधुमेहाची गोळी दिली आणि त्या दिवशी जेवणच गेलं नाही तर काही गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. म्हातारपणी हे लवकर ध्यानात येत नाही, "वयामुळे बरळतायत" म्हणून सोडून देतात. ग्लुकोमीटर आहे का, पट्ट्या मुदतीतल्या आहेत का, आणि मालकीणबाई नसताना तो वापरता येणारं दुसरं कोणी आहे का?

तिथे राहणाऱ्यांची नखं बघा, ओठ कोरडे आहेत का बघा. अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर परवानगी घेऊन त्यांची टाच आणि माकडहाड बघा, जखमा आधी तिथे होतात. दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. ज्या घरात खिळलेल्या माणसाची पाठ स्वच्छ आहे त्या घरावर मी डोळे झाकून विश्वास ठेवीन. कोणाचे हात पलंगाला बांधलेले दिसले तर चहासुद्धा न घेता निघा.

आणि मालकांशी कमी, तिथल्या मावश्यांशी जास्त बोला. त्या किती वर्षं टिकल्यात यावरून बरंच कळतं.

जगबुडीकाठ
सिस्टरांचं सगळं पटलं. मी पावसाळ्याचं बोलतो, कारण कोकणात जागा मे महिन्यात बघितली जाते आणि राहायचं असतं जुलैत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं. दापोली-मंडणगडकडे कित्येक वाड्यांत काही आठवडे वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे टाकीत पाणी नाही, आणि मोबाइलचे टॉवरही गप्प. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने गेलं, जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. तेव्हा नुसता इन्व्हर्टर बघून समाधान मानू नका. इन्व्हर्टर काही तास चालतो. जनरेटर आहे का, डिझेल किती साठवतात, विहिरीतून हाताने पाणी काढायची सोय आहे का ते विचारा. तिथे कोणी ऑक्सिजनच्या यंत्रावर किंवा हवेच्या गादीवर असेल तर या प्रश्नाला त्यांनी आधीच उत्तर शोधलेलं असतं.

दुसरं, दवाखाना. पावसच्या रस्त्यावरून रत्नागिरी जवळ आहे, ही मोठी जमेची बाजू. जिल्हा रुग्णालय तिथेच, खासगी डॉक्टरही आहेत. पण रत्नागिरीत भागलं नाही तर? आमच्याकडे लोक डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात जातात, नाही तर आंबा घाटाने कोल्हापूर. घाटात दरड आली की तो रस्ता गेला. १०८ ला फोन करता येतोच, पण पावसात गाडी यायला वेळ लागतो. म्हणून त्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे का, आणि रात्री ती चालवणारं माणूस कुठे राहतं, हे आधी विचारा. गाडी अंगणात आणि ड्रायव्हर लांज्याला, असा प्रकार मी पाहिलाय.

मुंबईत_सध्या
मला हे सगळं वाचून एकच वाटतं, एवढं तपासायचं तर त्यांना घरीच का ठेवू नये? २२ हजारांत गावात दोन बायका सहज मिळतील, एक दिवसाला, एक रात्रीला. ८१ व्या वर्षी स्वतःचं घर, स्वतःची चूल, ओळखीची माणसं सोडायला लावणं क्रूर आहे. वृद्धनिवास म्हणजे आपल्या सोयीसाठी काढलेला मार्ग. स्पष्ट बोललो, राग नसावा.

पेजेचं_भांडं
@मुंबईत_सध्या, तुम्ही शेवटचे कधी गावात बाई शोधलीत? आमच्या वाडीत १९ घरं, त्यातली १२ कुलूपबंद. जी माणसं आहेत ती साठीच्या पुढची. चाळिशीतल्या बायका काजूच्या कारखान्यात जातात, आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला जातात. रात्री दुसऱ्याच्या घरी झोपायला कोणी तयार नाही. शहरातल्या ब्युरोच्या बाया वाडीवर येत नाहीत, आल्या तर टीव्ही नाही म्हणून चौथ्या दिवशी परत. आईसाठी मी दीड वर्ष हे केलं. शिमग्याला आणि गणपतीला तर कोणीच नसायचं, मी रजा टाकून तुतारी एक्स्प्रेसने यायचो.

आणि वृद्धनिवासालाही हाच प्रश्न विचारा: गणपतीत आणि शिमग्यात कोण असतं? मावश्या गावातल्याच असतात, त्यांच्या घरीही गणपती असतो. ज्या घराने याचं उत्तर पटकन आणि नावानिशी दिलं ("ही दीड दिवस थांबते, ती पाचव्या दिवशी येते"), ते घर जमिनीवर आहे असं समजा.

मुंबईत_सध्या
माणसं मिळत नाहीत हे मान्य. तरी माझं मत कायम आहे की निर्णय आत्यांचा हवा, पुतण्यांचा नको.

ओटीवरची
त्यात दुमत नाही. तिला दाखवल्याशिवाय काहीच करणार नाही. राग तर मुळीच नाही.

शाकाहार_नको
मूळ मुद्दा राहिला. आत्या मासे खातात का?

ओटीवरची
खातात म्हणजे! बांगड्याशिवाय आठवडा गेला तर तिला उपास घडल्यासारखं वाटतं. आणि ते घर शाकाहारी आहे. हा प्रश्न मला खरंच मोठा वाटतोय.

शाकाहार_नको
मग हे लहानसहान नाही. आमच्या आजोबांना अशाच एका चांगल्या ठिकाणी ठेवलं होतं, सगळं स्वच्छ, माणसं प्रेमळ, पण कधी मासळीचा वास नाही. त्यांनी तक्रार केली नाही, नुसतं जेवण कमी केलं. वजन उतरलं तेव्हा कळलं. शेजारच्या घरातून रविवारी कालवणाचा डबा सुरू केला, मालकांनी अंगणात बसून खायला परवानगी दिली. आजोबा पुन्हा भात मागून घ्यायला लागले.

सिस्टर_चिपळूण
हे अगदी खरं आहे. म्हाताऱ्या माणसाचं वजन महिन्याला घेतात का, नोंद ठेवतात का, हेही विचारा. मऊभात, पेज, कुळथाचं पिठलं हे सगळं पोटाला हलकं आहे, पण नुसत्या भातावर मधुमेही माणूस ठेवू नये. मासे, अंडी, डाळ, उसळ, काहीतरी हवंच. दात नसतील तर उसळ मऊ शिजवून.

नारळीपाक
सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर लोणच्याची फोड. माझी आजी ९३ पर्यंत यावर होती.

कातळफूल
पेजेवर वेगळा धागा काढा, तिथे मीही येईन. इथे श्रवणयंत्राचं लिहायचं राहून जाईल. माझ्या वडिलांना तिथल्या मावशी सकाळी यंत्र लावायच्याच नाहीत, कारण त्यांना ते लावता यायचं नाही. दोन महिन्यांत सगळे म्हणायला लागले, "आजोबांना काही समजत नाही." समजत सगळं होतं, ऐकू येत नव्हतं. समुद्राजवळ दमट हवेने यंत्र खराबही लवकर होतं, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं. मी तिथल्या दोघींना बसवून शिकवलं, कानात घालायचं कसं, बॅटरी बदलायची कशी. डाव्याला निळी टिकली, उजव्याला लाल. तेव्हापासून वडील पुन्हा पत्त्यांच्या डावात.

सातबारा
कागदांचं मी बोलतो, व्यवसायच तो आहे.

१ लाख अनामत परत कधी आणि किती कापून मिळणार, हे लेखी हवं. आत्या दवाखान्यात असतील त्या दिवसांचे पैसे घेतात का? दरवर्षी वाढ किती? डायपर, औषधं, फिजिओथेरपी, दवाखान्यात सोबत थांबणारं माणूस, हे २२ हजारांत की वर? आणि सगळ्यात मोठं कलम: आज त्या वॉकरवर आहेत, उद्या अंथरुणाला खिळल्या किंवा विस्मरण सुरू झालं, तर ठेवणार का? ठेवणार असाल तर किती जादा? नसाल तर किती मुदत देणार? बहुतेक लहान घरं "चालतंफिरतं माणूस" एवढ्याच अटीवर घेतात आणि ती अट बोलण्यात येत नाही, छापील कागदाच्या मागच्या बाजूला असते.

घर किंवा बाग संस्थेच्या नावे करा, आम्ही आजन्म सांभाळू, असं कोणी सुचवलं तर थांबा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट न पाळल्यास परत मिळवता येते. पण ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. नुसत्या विश्वासावर लिहून दिलं तर पुढे भांडत बसावं लागतं. दावा प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे लागतो.

एक गोष्ट पुतण्यांसाठी, गैरसमज नको म्हणून. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मिळकत ज्यांच्या ताब्यात आहे किंवा वारशाने ज्यांच्याकडे जाणार आहे, ते नातेवाईकही याच कायद्याने सांभाळायला बांधील आहेत. तेव्हा घर भावंडांत वाटून घेणार असाल तर खर्चाची वाटणीही आत्ताच, आत्यांसमोर करा.

भातुकली
@सातबारा, त्या मागच्या बाजूच्या अटीने आमचं फार वाईट झालं. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर ते घर म्हणालं, आता आमच्याकडे जमणार नाही, तीन दिवसांत सामान न्या. मी गरोदर, नवरा जहाजावर. नाव लिहीत नाही, लिहून काही होणार नाही. पण ओटीवरची, तुम्ही हे तोंडी विचारू नका, कागदावर घ्या. विनंती करते.

माडाबनी
आमचा अनुभव चांगला आहे, तोही सांगते म्हणजे नुसती भीती पसरायला नको. सासूबाई सिंधुदुर्गात कुडाळजवळ एका लहान घरात चार वर्षं होत्या. एका पहाटे त्यांचा डावा हात उचलेना, तोंड वाकडं झालेलं. तिथल्या मुलीने डॉक्टरची वाट बघितली नाही, थेट गाडीत घालून गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं, वाटेतून आम्हाला फोन. लकव्यात पहिले साडेचार तास महत्त्वाचे असतात, ते तिला माहीत होतं. परत आल्यावर त्यांनी सासूबाईंना पुन्हा घेतलं, त्याच खोलीत. मुलगी फक्त दहावी शिकलेली. लहान घरात हे होऊ शकतं, कारण कोण कसं बोलतं, कसं चालतं हे त्यांना रोजचं माहीत असतं. तीनशे माणसांच्या ठिकाणी कोणाचा हात उचलेना हे कोणाला कळणार?

फुरसं
नावावरून ओळखलंच असेल, सापांचं सांगायचंय. नव्या खोल्यांच्या मागे चिऱ्यांचा ढीग, लाकडं, नारळाच्या सोडणांची रास आहे का बघा. संडास बाहेर असेल तर नकोच. उंबरेही बघा. जुन्या घरांचे उंबरे वॉकरला अडतात.

ओटीवरची
सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आले. आत्याला बरोबर नेलं आणि न कळवता चार वाजता पोचलो.

सगळे जागे होते. दोघं कॅरम खेळत होती, एक आजी शेंगा सोलत होत्या. घंटा वाजवली, एक मावशी लगेच आल्या, हातात भिजलेलं फडकं तसंच. रात्री एकच बाई जागी असते, दुसरी झोपते. मालक-मालकीण वरच्या खोलीत. सिस्टर, तुम्ही म्हणालात तसंच आहे. वजनाची वही नव्हती. सुरू करतो म्हणाले. मी त्यांना काटा भेट द्यायचं कबूल केलंय. उंबरा पुढच्या घराला आहे, मागे नाही. जनरेटर आहे. गाडी आहे, रात्री मालक स्वतः चालवतात, पण ते ६३ वर्षांचे आहेत आणि त्यांच्यानंतर कोण याचं उत्तर त्यांच्याकडेही नाही. हे त्यांनी सरळ सांगितलं, ते मला आवडलं.

अंथरुणाला खिळल्यावरचं विचारलं तेव्हा थोडा वेळ दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग त्या म्हणाल्या, ठेवू, पण महिना ६ हजार जास्त आणि नाकातली नळी वगैरे लागली तर नाही. ते कागदावर द्यायला तयार आहेत.

आत्याने मला बाहेर बसवलं आणि तिथल्या तीन आज्यांशी एकटी बोलली. तिने त्यांना विचारलं, तुमचं इथे कोणाशी पटत नाही? एक तासभर ती मंडळी बोलत होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "भांडतात, म्हणजे जिवंत आहेत. महिनाभर राहून बघते." अट दोन: गणपतीला घरी न्यायचं, आणि पासबुक तिच्याच कपाटात राहणार. माशांचं मालकीणबाईंनी ऐकून घेतलं, शेजारच्या खोताच्या घरातून डबा चालेल म्हणाल्या. अनामत न घेता एक महिना, श्रावणात. ऐन पावसात कळेल तेवढं कळेल.

जगबुडीकाठ
श्रावणातलाच महिना घेतलात, फार बरं केलंत.

सातबारा
पासबुकाची अट शंभर टक्के बरोबर. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागेल, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, तिथल्या कोणाला तरी शिकवून ठेवा. आणि आत्यांचं ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलंत का? ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत उपचार. रत्नागिरीत कोणती रुग्णालयं त्यात आहेत ते पडल्यावर नाही, आत्ताच बघून ठेवा.

मुंबईत_सध्या
आत्यांनी स्वतः ठरवलं, मग माझं काही म्हणणं नाही. काही अडलं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, त्यांच्या फोनमध्ये घालून द्या. मोठ्या अक्षरांत.

रानजाई
हा धागा आत्ता वाचला. माझ्या सासऱ्यांसाठी याच बाजूला जागा बघतेय. ओटीवरची, त्या घराचा नंबर निरोपातून द्याल का? सासरे बिछान्यावर आहेत, कॅथेटर (लघवीची नळी) आहे.

ओटीवरची
देते. पण ते चालत्या माणसालाच आधी घेतात, नंतर खिळला तर ठेवतात. तुम्ही फोनवर पहिल्याच वाक्यात कॅथेटरचं सांगा.

सिस्टर_चिपळूण
@रानजाई, तुमचं वेगळं आहे. कॅथेटर किती दिवसांनी बदलतात, लघवीची पिशवी पलंगाच्या खाली लटकवतात की वर ठेवतात, पाठीला जखम आहे का, हे सगळं लिहून नवा धागा काढा. मी उद्या सकाळी बघते.